शाफ्टचं ड्रॉइंग लेथवर देण्याआधी: स्पेसिफिकेशन कोणत्या क्रमाने लिहायचं

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात डाळमिलचे, चटईच्या प्लांटचे, ठिबकच्या फिटिंगचे सुटे भाग लेथवर बनवून घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "ड्रॉइंग दिलं होतं, तरी भाग बसला नाही." अशी बरीच ड्रॉइंगं माझ्या टेबलावर येऊन गेली आहेत. आकार बरोबर असतो, मापं असतात, कागदही सुबक असतो. कुठलं माप किती इकडेतिकडे झालं तर चालेल, माल कोणता, कुठली जागा गुळगुळीत हवी आणि हे सगळं तपासायचं कशाने, एवढंच नसतं. मग लेथवाला फोन करतो, "भाऊ, आठे काय लिखेल शे, काही समजत नही." उरलेलं स्पेसिफिकेशन त्या फोनवर ठरतं, कागदावर कधीच येत नाही. म्हणून दुसरा लॉट पहिल्यासारखा निघत नाही.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. रावेर-यावल भागात केळीच्या खोडापासून धागा काढणारी यंत्रं बनतात, तशा यंत्राचा रोलर-शाफ्ट. मधला भाग ३२ मिमी व्यासाचा आणि ५२० मिमी लांब. दोन्ही बाजूंना २५ मिमीच्या जागा, त्यावर ६२०५ बेअरिंग. एका टोकाला २४ मिमीची जागा, तिथे व्ही-बेल्टची पुली.

## तयारी: कॅड उघडण्याआधी

तीन गोष्टी जमवल्याशिवाय रेघ मारू नका.

पहिली, जोडीचे भाग. शाफ्ट एकटा कधीच काम करत नाही. बेअरिंग, पुली, चावी (पुलीला शाफ्टबरोबर फिरवणारा चौकोनी तुकडा), हाउसिंग (बेअरिंग ज्यात बसतं ते घर) यांचे नंबर किंवा प्रत्यक्ष नग समोर हवेत. बेअरिंगचा नंबर पूर्ण लिहून घ्या. ६२०५ म्हणजे भोक २५, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५ मिमी एवढंच कळतं. पुढची अक्षरं सील आणि आतली ढिलाई सांगतात. केळीचं पाणी उडणाऱ्या यंत्रात उघडं बेअरिंग लावलं तर शाफ्ट कितीही अचूक करा, बेअरिंग टिकणार नाही.

दुसरी, लेथवाल्याकडची फेरी. फोन नको, स्वतः जा. बेड किती लांब, ग्राइंडिंग तिथेच होतं की बाहेर जातं, मायक्रोमीटर कोणता आहे आणि तो शेवटचा कधी तपासला, हे बघा.

तिसरी, मानकं. रोजच्या कामाला चार पुरतात: फिटसाठी (जोडीचे भाग किती घट्ट-सैल बसतील) आयएस, म्हणजे भारतीय मानक, ९१९, सरसकट टॉलरन्ससाठी (माप किती कमीजास्त चालेल) आयएस २१०२, चावीच्या खाचेसाठी आयएस २०४८ आणि ड्रॉइंगच्या पद्धतीसाठी एसपी ४६.

सावध: जुना भाग नमुना म्हणून मोजून त्याचंच माप ड्रॉइंगवर उतरवणं ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली चूक. झिजलेला शाफ्ट २४.९३ भरतो आणि नव्या ड्रॉइंगवर २४.९३ छापलं जातं. म्हणजे झीज धरूनच नवा भाग जन्माला येतो. मूळ माप जोडीच्या भागावरून काढा. बेअरिंगचं भोक २५ असेल तर शाफ्टचं मूळ माप २५ च.

## पायरी १: प्रत्येक जागेचं काम एका ओळीत लिहा

साध्या वहीत, ड्रॉइंगच्या आधी. आपल्या शाफ्टचं असं होईल:

- २५ मिमीच्या दोन जागा: बेअरिंगची आतली रिंग घट्ट धरायची, चालताना सरकू द्यायची नाही.
- २४ मिमीची जागा: पुली हाताने चढली पाहिजे, जोर चावीने जाईल.
- ३२ मिमीचा भाग: पात्यांचा ड्रम यावर वेल्ड होणार, व्यास थोडा कमीजास्त चालेल.
- टोकाची फेस, म्हणजे सपाट बाजू: काही काम नाही.

"काही काम नाही" ही ओळ लिहायला विसरू नका. तिच्यामुळेच पैसे वाचतात. ज्या जागेला काम नाही तिला कडक टॉलरन्स द्यायचा नाही, फिनिश मागायचं नाही, तपासायचीही नाही.

## पायरी २: माल ठरवा आणि पूर्ण नावाने लिहा

"एमएस" (माइल्ड स्टील) हे स्पेसिफिकेशन नाही. आयएस २०६२ चं ई२५० हे ढाच्याचं पोलाद आहे, फ्रेमला ठीक. शाफ्टला बाजारात ईएन-८ म्हणतात तो माल घ्या. त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो. ड्रॉइंगवर ग्रेड लिहा, बार कितीचा घ्यायचा तेही लिहा: ३२ साठी ३५ चा काळा बार, म्हणजे वरची साल निघून स्वच्छ धातू लागतो.

"हार्ड करणे" एवढंच लिहिलेली ड्रॉइंगं अजून येतात. किती कडक, कुठून कुठपर्यंत, किती खोल? तिन्हींची उत्तरं नसतील तर ती ओळ काढून टाका. साधा एमएस तापवून पाण्यात बुडवला तरी फारसा कडक होत नाही, त्याला कार्बनच पुरत नाही. आपल्या शाफ्टला हार्डनिंगची गरजच नाही.

पाणी आणि खोडाचा रस लागणारा पत्रा स्टेनलेसचा हवा असेल तर "एसएस" न लिहिता "एसएस ३०४" लिहा. लोहचुंबक लावून खात्री करणारे फसतात. २०२ लाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ३०४ च्या भावात २०२ घरी येतो. मँगनीज तपासण्याचं रसायन किंवा स्पेक्ट्रो टेस्ट (यंत्रावर धातूतले घटक मोजणं) हाच मार्ग. आणि पत्र्याची जाडी गेजमध्ये लिहू नका, १.६ मिमी असं लिहा. गेजचे तक्ते एकाहून जास्त आहेत.

तपासा: मालाच्या रकान्यातलं नाव घेऊन दुकानात गेलं तर दुकानदार उलट प्रश्न न विचारता बार कापून देईल का?

## पायरी ३: मापं कुठून मोजायची ते ठरवा

इथे घाई नको. लांबीची मापं साखळीसारखी एकापुढे एक दिली, तर प्रत्येकाची चूक पुढच्यात मिसळते. पाच मापं, प्रत्येकी ±०.३ धरलं, की शेवटच्या टोकाला ±१.५ मिमी. पुली पट्ट्याच्या रेषेत येत नाही आणि पट्टा कडेने झिजतो. दोष पट्टा विकणाऱ्याला मिळतो.

आपल्या शाफ्टवर पाया म्हणजे पुलीकडच्या बेअरिंगचा खांदा, म्हणजे व्यास बदलतो ती पायरी जिला बेअरिंग टेकतं. तो पक्का बसणार. पुलीची जागा, चावीची खाच, टोक, सगळं तिथून मोजायचं. दुसऱ्या बाजूचं बेअरिंग हाउसिंगमध्ये आडवं सरकू द्यायचं. शाफ्ट फ्रेमपेक्षा ३० अंश जास्त तापला तर ५२० मिमीवर साधारण ०.१८ मिमी वाढतो. दोन्ही बेअरिंगं दोन्हीकडून आवळली तर ही वाढ बेअरिंगच्या गोळ्यांवर येते. एक मोकळं ठेवलं की ५२० च्या लांबीला कडक टॉलरन्सची गरजच उरत नाही.

सावध: सगळे तुकडे आणि एकूण लांबी, दोन्ही टॉलरन्ससह देऊ नका. दोन्ही एकदम पाळणं जमतंच असं नाही, मग लेथवाला आपल्या सोयीचं निवडतो. एकूण लांबी कंसात, संदर्भ म्हणून द्या.

## पायरी ४: फिट

शाफ्टच्या कामातली सर्वांत जास्त नासाडी या पायरीवर होते, म्हणून थोडं बसून वाचा.

बेअरिंगची आतली रिंग शाफ्टबरोबर फिरते, म्हणून ती शाफ्टवर घट्ट हवी. बाहेरची रिंग स्थिर, ती हाउसिंगमध्ये हाताने सरकेल अशी. उलटं केलं तर रिंग शाफ्टवर घासत फिरते आणि शाफ्टला चर पडतो. २५ च्या जागेला छोटा के ६ (k6) द्या: २५.००२ ते २५.०१५. अक्षर सांगतं मापाची पट्टी मूळ मापाच्या कुठल्या बाजूला, आकडा सांगतो ती किती रुंद. बेअरिंगचं भोक स्वतः २४.९९० ते २५.००० असतं, म्हणजे घट्टपणा कमीत कमी ०.००२ आणि जास्तीत जास्त ०.०२५ मिमी. हाउसिंगच्या ५२ च्या भोकाला मोठा एच ७ (H7): ५२.००० ते ५२.०३०.

पुलीच्या जागेला छोटा एच ६ (h6): २३.९८७ ते २४.०००. पुलीच्या भोकाला मोठा एच ७: २४.००० ते २४.०२१. पुली हाताने चढेल आणि लटलटणार नाही.

आता गोम. मोठा एच ७ भोकाचा, छोटा एच ७ शाफ्टचा. दोन्हींची पट्टी ०.०२१ मिमीची, पण भोकाची शून्याच्या वर, शाफ्टची शून्याच्या खाली. फोनवर दोन्हींचा उच्चार "एच सेव्हन". एकदा मी स्वतः असंच सांगितलं आणि पलीकडे छोटा धरला गेला. पुल्या २४ च्या आतल्या भोकाच्या आल्या, एकही शाफ्टवर चढेना. सगळ्यांचं भोक पुन्हा वाढवावं लागलं. चूक माझी होती. तेव्हापासून मी अक्षराशेजारी दोन्ही टोकांचे आकडे लिहितो. कारागिराला तक्ता उघडावा लागत नाही आणि अक्षर चुकलं तर आकडा ओरडतो.

बेअरिंगच्या जागेची ०.०१३ मिमीची पट्टी पाळायची कशी? व्हर्नियरने नाही, त्याची एक खूणच ०.०२ ची असते. ०.०१ चा मायक्रोमीटरही अपुरा. पट्टीच्या एक-दशांशापर्यंत वाचणारं साधन हवं, म्हणजे इथे ०.००१ चा मायक्रोमीटर, किंवा गो-नोगो गेज (एक बाजू जायला हवी, दुसरी अडायला हवी). लेथवाल्याकडे ते नसेल तर दोनच रस्ते: जागा ग्राइंडिंगला पाठवा, नाहीतर रचना बदला. माझं मत विचाराल तर खेड्यात चालणाऱ्या धाग्याच्या यंत्राला मी हाउसिंगसकट मिळणारा यूसीपी २०५ ब्लॉक लावेन. भोक २५ च, स्क्रूने शाफ्टवर आवळायचा, आणि शाफ्टला छोटा एच ७ पुरतो: २४.९७९ ते २५.०००. तालुक्याच्या दुकानात मिळतो, शेतकरी स्वतः बदलतो. स्पेसिफिकेशन लिहिताना असा विचार सुचतो हाच त्याचा मोठा उपयोग. ड्रॉइंग पुरं झाल्यावर सुचला तर कुणी बदलत नाही.

सावध, उन्हाळ्यात विशेष: मापं २० अंश सेल्सिअसला खरी मानली जातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. शाफ्ट आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे आणि एकाच तापमानाला असतील तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते लेथवरून उतरलेला गरम जॉब लगेच मोजल्यावर. मायक्रोमीटरपेक्षा २५ अंशांनी गरम असलेला २५ चा शाफ्ट सुमारे ०.००७ मिमी जास्त भरतो, म्हणजे पट्टीचा अर्धा भाग गेला. जॉब आणि साधन सावलीत एकाच लोखंडी प्लेटवर तासभर ठेवा, मग मोजा. प्लॅस्टिकला हे फार जास्त लागू आहे: ६ मीटरचा पीव्हीसी पाइप २० अंशांच्या फरकाने ८ मिमीच्या आसपास लांब होतो.

## पायरी ५: उरलेल्या मापांना सरसकट टॉलरन्स

एक ओळ पुरते: "टॉलरन्स न दिलेली मापं आयएस २१०२ भाग १, मिडियम." त्यानुसार ६ ते ३० मिमीला ±०.२, ३० ते १२० ला ±०.३, १२० ते ४०० ला ±०.५, ४०० ते १००० ला ±०.८. आपल्या ५२० ला ±०.८ मिळाला, पायरी ३ मुळे तो चालतो.

ही ओळ यंत्रावर कापलेल्या भागांची आहे. वेल्ड केलेल्या फ्रेमला आणि साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकला ती चिकटवू नका, त्यांचं आखडणं-वाकणं वेगळं असतं.

## पायरी ६: कोपरे, खाचा, आटे

६२०५ च्या कोपऱ्याची गोलाई १ मिमी असते. शाफ्टच्या खांद्याच्या मुळाशी टूलने त्याहून मोठी गोलाई सोडली तर बेअरिंग खांद्याला टेकत नाही, गोलाईवर अडकून तिरकं बसतं. ड्रॉइंगवर "रेडियस ०.६ कमाल" लिहा. अगदी टोकदार कोपरा मागू नका, शाफ्ट तिथूनच तुटतो.

२४ च्या शाफ्टला ८ × ७ ची चावी. खाच शाफ्टमध्ये ४ मिमी खोल. पण "खोली ४" असं लिहिलं तर मोजणार कुठून? खाच कापल्यावर वरची गोलाई उरतच नाही. समोरच्या बाजूपासून माप द्या: २४ − ४ = २०, टॉलरन्स +० / −०.२. रुंदीला एन ९, म्हणजे ७.९६४ ते ८.०००.

टोकाला वॉशर-बोल्टसाठी एम ८ आटे असतील तर दोन खोल्या लिहा: ६.८ चं ड्रिल २६ खोल, आटे २० खोल. एकच खोली दिली की टॅप तळाला टेकून मोडतो, आणि मोडका टॅप काढण्यापेक्षा नवा शाफ्ट स्वस्त पडतो.

पाण्याच्या जोडणीबद्दल दोन शब्द. "अर्धा इंच" बीएसपी (पाइपच्या ब्रिटिश मानकाच्या) आट्यांचा बाहेरचा व्यास १२.७ मिमी नसतो, २०.९५५ मिमी असतो. एम २० च्या इतका जवळ की एखाद-दोन फेरे अडकतातही आणि मग फिटिंग चिरतं. उलट शेतातला "६३ चा पाइप" म्हणजे बाहेरचा व्यासच ६३. आकडा कशाचा, हे प्रत्येक जोडणीला लिहून ठेवा.

तपासा: प्रत्येक मापावर बोट ठेवून विचारा, तयार भागावर हे माप साधन लावून घेता येईल का? नसेल तर ते वेगळ्या जागेपासून द्या.

## पायरी ७: फिनिश आणि रनआउट

बेअरिंगच्या जागांना आरए (खडबडीतपणा, मायक्रॉनमध्ये) ०.८, पुलीच्या जागेला १.६, बाकी सगळीकडे ६.३. सगळ्या शाफ्टला ०.८ मागितलं तर ड्रमखाली झाकल्या जाणाऱ्या ५२० मिमीलाही ग्राइंडिंगचं बिल लागतं. जुन्या पद्धतीचे दोन-तीन त्रिकोण अजून दिसतात. कारागिराला ते कळतात, पण त्यांचा अर्थ माणसागणिक बदलतो. आकडा लिहा.

रनआउट, म्हणजे शाफ्ट फिरताना जागा किती डगमगते, हे लिहायला बहुतेक जण विसरतात. व्यास तिन्ही बरोबर, पण शाफ्ट उलटून दुसऱ्यांदा चकमध्ये धरला तर अक्ष हलतो आणि यंत्र थरथरतं. लिहा: "पुलीची जागा आणि ३२ चा भाग, दोन्ही बेअरिंग-जागांच्या समाईक अक्षाशी रनआउट ०.०३ कमाल." सोबत "दोन्ही टोकांचे सेंटर ठेवावेत" ही टीप. तपासणी सोपी आहे: दोन व्ही-ब्लॉकवर बेअरिंगच्या जागा ठेवायच्या, डायल लावायचा, शाफ्ट हाताने फिरवायचा. ड्रम वेल्ड झाल्यावर पुन्हा तपासायचं, कारण वेल्डिंगने शाफ्ट वाकतो. शक्य असेल तर बेअरिंगच्या जागांवर थोडा माल ठेवून शेवटचा कट वेल्डिंगनंतरच घ्या, आणि हा क्रमही ड्रॉइंगवर लिहा.

## पायरी ८: टायटल ब्लॉक

इथे लवकर आटपू. ड्रॉइंग क्रमांक, सुधारणा क्रमांक, एकक, माल, सरसकट टॉलरन्स, नग, काढणारा, तपासणारा. प्रोजेक्शनचं चिन्ह (भागाची कुठली बाजू कागदावर कुठे काढली आहे ते सांगणारं) विसरू नका. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, पण कॅडचा तयार साचा थर्ड अँगलचा असू शकतो. शाफ्टला याने फार बिघडत नाही. ब्रॅकेट मात्र आरशातल्यासारखा उलटा बनून येतो.

"ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घेऊ नये" हे छापाच. ए३ चा कागद ए४ वर झेरॉक्स होतो आणि तोच भिंतीला लागतो. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू नका, पीडीएफ पाठवा. फोटोत दशांशाचा ठिपका उडतो. म्हणून ".५" कधीच नाही, "०.५" लिहा.

## पायरी ९: तपासणीचा तक्ता आणि पहिला नग

ड्रॉइंगवरच्या महत्त्वाच्या मापांना गोल करून क्रमांक द्या. आपल्या शाफ्टला नऊ-दहा होतात. तक्त्यात प्रत्येकापुढे चार रकाने: खालची मर्यादा, वरची मर्यादा, साधन, मिळालेलं माप. साधनाचा रकाना रिकामा राहिला तर ते स्पेसिफिकेशन अजून पुरं झालेलं नाही; पायरी ४ ला परत जा.

हा तक्ता ज्याने ड्रॉइंग काढलं त्याने भरू नये. काढणाऱ्याला आपल्याच डोक्यातलं दिसतं, कागदावरचं दिसत नाही.

मग एकच नग करायला सांगा. लॉटची ऑर्डर असली तरी. तो मोजा, बेअरिंग आणि पुली प्रत्यक्ष चढवून बघा. बेअरिंग चढवताना दाब आतल्या रिंगवरच द्या. बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर गोळ्यांचे ठसे पडतात आणि निष्कारण शाफ्टच्या मापावर शंका येते. नग पास झाला की त्यावर खूण करून लेथवाल्याकडेच ठेवा, पुढच्या नगांची तुलना त्याच्याशी होईल. तरीही वाद झाला तर निकाल ड्रॉइंगवरून, नगावरून नाही, हे आधीच बोलून घ्या.

काम चालू असताना फोन येणारच. "नाना, ०.६ चा रेडियस जमत नाही, ०.८ चालेल का?" ६२०५ ला १ पर्यंत चालतो, म्हणून हो म्हणायला हरकत नाही. पण त्याच संध्याकाळी ड्रॉइंग उघडा, ०.८ करा, सुधारणा क्रमांक वाढवा, तारीख टाका, नवी प्रत स्वतः नेऊन द्या आणि लेथशेजारी चिकटवलेली जुनी प्रत काढून आणा.